तंबोऱ्याच्या तारेचा ताण

मैफलीला आरंभ होण्यापूर्वीं श्रोत्यांच्या धीराची पहिली परीक्षा तंबोरा घेतो. गवई खुंटी पिळतात, तार छेडतात, कान लावतात, पुन्हां खुंटी किंचित् सैल करतात; शेवटीं घोडीच्या खालचा मणी केसभर सरकवितात, आणि मग एकाएकीं चारहि तारा एका जिवाच्या झाल्यासारख्या बोलूं लागतात. पुष्कळांना हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. वस्तुतः त्या पांचदहा मिनिटांत गवयानें पदार्थविज्ञानांतील एक अत्यंत सुंदर प्रयोग करून दाखविलेला असतो. फक्त त्याचें नांव कोणी सांगत नाहीं. ताणलेल्या तारेंत स्थिर तरंग कसे उत्पन्न होतात, आणि ताण कमीअधिक केल्यानें त्यांत काय फरक पडतो, हा त्या प्रयोगाचा विषय होय.

नाशिककरांना हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. १९०१ सालीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय स्थापन करणारे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं आयुष्याच्या अखेरच्या पर्वांत नाशिक येथें रामनाम आधाराश्रम काढला व शिष्यांसह तेथें वास्तव्य केलें. १९३१ च्या ऑगस्टमध्यें मिरजेस त्यांचें निधन झालें. गायन हा प्रतिष्ठित घरांतून उघडपणें शिकण्याचा विषय झाला, याचें मोठें श्रेय त्यांच्यासारख्यांच्या श्रमांना आहे. सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत गवसणी घातलेला तंबोरा भिंतीशीं उभा दिसूं लागला, तोहि या चळवळीचाच परिणाम. आज त्यांतील कित्येक तंबोरे गवसणींतून बाहेरच निघत नाहींत. विजेवर चालणारी स्वरपेटी किंवा खिशांतील मोबाइल तेंच काम करतो, अशी समजूत आहे. तें काम खरोखर तेंच आहे काय, हें ठरविण्यापूर्वीं तार करते तरी काय, हें समजून घेणें इष्ट आहे.

कपडे वाळत घालण्याची लांब दोरी एका टोकाला खुंटीस बांधावी, दुसरें टोक हातांत घ्यावें आणि एकच हिसका द्यावा. दोरीवर उठलेला उंचवटा धांवत धांवत खुंटीपर्यंत जातो, तेथें आपटून उलटा होतो आणि परत हाताकडे येतो. दोरीचा कोणताहि भाग पुढें सरकलेला नसतो. पुढें जाते ती केवळ हालचाल. आतां हिसके एकामागून एक देत राहिलें, तर जाणारे तरंग व परतणारे तरंग एकमेकांत मिसळतात. बहुधा त्यांतून नुसता गोंधळ होतो. परंतु हाताची लय विशिष्ट ठिकाणीं बसली कीं चमत्कार घडतो. दोरी जणूं पुढें धांवण्याचें सोडून देते आणि जागच्या जागीं फुगूं लागते. कधीं सबंध दोरीचा एकच फुगवटा होतो. लय दुप्पट केली तर दोन फुगवटे होतात व मधोमध एक बिंदु निश्चल राहतो. तिप्पट केली तर तीन फुगवटे व दोन निश्चल बिंदु. यांनाच स्थिर तरंग म्हणतात. निश्चल बिंदु ते निस्पंद, आणि जेथें हालचाल सर्वांत मोठी तो प्रस्पंद.

तंबोऱ्याच्या तारेचीं दोन्ही टोकें जखडलेलीं असतात. एक घोडीवर, दुसरें दांडीच्या वरच्या पट्टीवर. टोकांना हलतां येत नाहीं, म्हणून तीं निस्पंद असलींच पाहिजेत. याचा परिणाम मोठा मौजेचा आहे. दोन टोकांमध्यें एक फुगवटा मावेल, दोन मावतील, तीन मावतील. परंतु अडीच मावणार नाहींत. तारेला वाटेल तसें थरथरण्याची मुभाच नाहीं. एका फुगवट्यानें सेकंदाला ७० आंदोलनें होत असतील, तर दोन फुगवट्यांनीं १४०, तीन फुगवट्यांनीं २१०, चारांनीं २८० आणि पांचांनीं ३५० होतात. तार एकदां छेडली कीं या सर्व आकृति एकाच वेळीं तींत नांदतात. सर्वांत खालचा तो मूलस्वर. वरचे ते उपस्वर.

याची प्रचीति पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाहीं. कागदाच्या बारीक पट्ट्या मधोमध दुमडून तारेवर घोडेस्वारासारख्या बसवाव्या. एक तारेच्या बरोबर मध्यावर, दुसरी एका टोकाकडून चतुर्थांशावर. दुसऱ्या टोकाकडील चतुर्थांशावर बोटानें तार हळूच छेडावी. दोन्ही स्वार उडून पडतात. मग ते पुन्हां बसवावे आणि मध्यबिंदूला पिसानें किंवा बोटाच्या टोकानें अलगद स्पर्श ठेवून तार छेडावी. चतुर्थांशावरचा स्वार उडतो, मध्यावरचा जागेवर बसून राहतो. तेथें निस्पंद झालेला असतो, आणि कानाला वरचा षड्ज ऐकूं येतो.

आतां ताणाकडे वळावें. फ्रान्समधील मेर्सेन नांवाच्या विद्वान् धर्मोपदेशकानें १६३६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तारांचे नियम मांडले. तार जितकी लांब, तितकी आंदोलनें कमी. तार जितकी वजनदार, तितकीं तीं कमी. परंतु वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत. आणि ताण जितका अधिक, तितकीं आंदोलनें अधिक. मात्र तींहि वर्गमुळाच्या प्रमाणांत. याचें कारण अवघड नाहीं. तारेचा एखादा भाग बाजूला सरला म्हणजे ताण त्याला जागेवर ओढून आणतो. ओढ जोराची असेल तर तो लवकर परततो आणि हालचाल शेजारच्या भागाला लवकर पोंचते. म्हणजेच तरंग वेगानें धांवतो. तार जड असेल तर तिला हलविण्यासच वेळ लागतो. ९० सेंटिमीटर लांबीची तार सेकंदाला १४० वेळां कंप पावते याचा अर्थ एवढाच, कीं तरंग त्या अवधींत १४० येरझारा घालतो. एक येरझार १८० सेंटिमीटरांची. तेव्हां त्याचा वेग सेकंदाला २५२ मीटर झाला. हवेंतून आवाज सुमारें ३४० मीटर वेगानें जातो, हें लक्षांत घेतलें म्हणजे या शांत दिसणाऱ्या तारेंतील धांवपळीची कल्पना येते.

येथें एक प्रश्न सहज उत्पन्न होतो, आणि त्याचें उत्तर पुष्कळांकडून चुकतें. ताण वाढविला तर तारेवरील निस्पंदांच्या जागा बदलतात काय? छेडलेल्या तारेपुरतें उत्तर आहे, नाहीं. खुंटी कितीहि पिळली तरी दोन फुगवट्यांचा निस्पंद मध्यावरच राहतो, तिहींचे निस्पंद तिसऱ्या हिश्शांवरच राहतात. आकृति तीच, फक्त ती अधिक त्वरेनें नाचते, म्हणून सर्वच स्वर एका प्रमाणांत वर चढतात. परंतु नाचविणारा बाहेरचा असेल आणि त्याची लय ठरलेली असेल, तर गोष्ट उलट होते.

हें दाखविणारा प्रयोग जर्मनींतील मेल्डे या शास्त्रज्ञानें १८६० च्या सुमारास केला. महाविद्यालयांतील विद्यार्थी तो आजहि करतात. नादकांट्याच्या एका टोकाला बारीक दोरा बांधतात, दोरा कप्पीवरून नेऊन त्याला पारडें अडकवितात आणि नादकांटा कंपित ठेवतात. नादकांट्याची लय बदलत नाहीं. बदलतें तें पारड्यांतील वजन. समजा पारड्यासह ३६ ग्रॅम वजनाला दोऱ्याचा एकच फुगवटा दिसला. वजन ९ ग्रॅमवर आणलें म्हणजे दोन फुगवटे दिसतात, ४ ग्रॅमवर तीन, आणि १ ग्रॅमवर सहा. मधल्या वजनांना दोरा नुसता थरथरतो, आकृति उमटत नाहीं. ताण कमी केला कीं तरंग मंदावतो. ठरलेल्या लयींत तो थोडेंच अंतर कापतो, म्हणून तेवढ्याच दोऱ्यांत अधिक फुगवटे बसतात. फुगवट्यांच्या संख्येचा वर्ग करून त्याला वजनानें गुणलें तर दर वेळीं ३६ च येतात. थोडक्यांत, लय मोकळी असेल तर ताण स्वर बदलतो. लय बांधलेली असेल तर ताण आकृति बदलतो. नियम एकच, त्याचीं हीं दोन रूपें.

या वर्गमुळाच्या नियमाचा घरगुती व्यवहाराशीं निकट संबंध आहे. तंबोऱ्याची जोडाची तार पोलादाची, ०.३० मिलिमीटर जाडीची व ९० सेंटिमीटर लांबीची धरली, आणि ती काळी एकच्या आसपास, म्हणजे सेकंदाला १४० आंदोलनांवर लावली, तर तिच्यावरील ताण सुमारें साडेतीन किलो वजन टांगल्याइतका भरतो. आतां घरांत आजोबांचा मोठा मर्दानी तंबोरा आहे आणि नात काळी चारमध्यें गाते, असें समजूं या. तिचा षड्ज आजोबांच्या पंचमाजवळ येतो. स्वर दीडपट चढवावयाचा म्हणजे ताण सव्वादोनपट करावा लागतो. साडेतीनाचे जवळजवळ आठ किलो होतात. चारहि तारांचा मिळून जो भार पूर्वीं दहाबारा किलोंचा होता, तो पंचविसांच्या घरांत जातो. हा भार घोडीखालच्या पातळ तबलीला आणि दांडीच्या सांध्याला सोसावा लागतो. तबली खचते, जव्हारी बिघडते, आणि एखाद्या रात्रीं कोणी हात न लावतां तार तुटते.

अशा वेळीं जाड तार घालावी, ती तुटणार नाहीं, असा सल्ला हमखास मिळतो. तो फोल आहे. तार जाड केली म्हणजे तिचें वजन वाढतें, आणि तोच स्वर मिळण्यास ताणहि तितक्याच प्रमाणांत वाढवावा लागतो. तारेच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरावर पडणारी ओढ होती तेवढीच राहते. म्हणजे एका लांबीवर पोलादी तार कोणत्या स्वराला तुटावयाची हें तिच्या जाडीवर अवलंबून नसतें. तबलीवरचा भार मात्र जाड तारेनें वाढतो. यावर खरा उपाय एकच, लांबी कमी करणें. म्हणूनच मिरजेचे कारागीर बायकांच्या आवाजासाठीं आंखूड तंबोरा निराळा घडवितात. ही केवळ हाताळण्याची सोय नव्हे. ते पिढ्यान् पिढ्या मेर्सेनचा नियम हातांनीं पाळीत आले आहेत. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्यामागें हें न लिहिलेलें गणितहि आहे.

ताण किती नाजूक गोष्ट आहे, याची आणखी एक बाजू पाहण्यासारखी आहे. वर सांगितलेली तार ढिली असल्यापासून सुरांत येईपर्यंत अवघी अडीच मिलिमीटरांच्या आसपास लांबते. तिचा सगळा संसार या अडीच मिलिमीटरांत. षड्ज एका प्रमाणश्रुतीनें, म्हणजे ऐंशीस एक या मानानें, चढवावयाचा तर तारेला मिलिमीटराचा सुमारें सोळावा हिस्सा अधिक ताणावें लागतें. माणसाचा केंस साधारण तेवढाच जाड असतो. ‘मणी केसभर सरकविणें’ ही अतिशयोक्ति नव्हे, हें यावरून दिसेल. खुंटीला इतका सूक्ष्म फरक साधत नाहीं, म्हणून मणी.

याच नाजूकपणामुळें तंबोरा हवामानाचा गुलाम असतो. नाशिकच्या हिंवाळ्यांत पहांटे पारा दहा अंशांच्याहि खालीं उतरतो आणि दुपारीं पंचविसाच्या वर जातो. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठीं त्र्यंबकेश्वरीं दिंड्या येतात, तेव्हां पहांटेच्या गारठ्यांत वीणेकऱ्यांना वीणा पुन्हां पुन्हां मिळवावी लागते, ती याचमुळें. थंडीनें धातु आकसतो. लांकूड लांबीच्या दिशेनें त्या मानानें फारच थोडें आकसतें. तार आंखूड होऊं पाहते, टोकें तिला होऊं देत नाहींत, आणि ताण वाढून स्वर चढतो. दहा अंशांच्या फरकानें जोडाची पोलादी तार एका प्रमाणश्रुतीहून अधिक सरकते. शिवाय सगळ्या तारा सारख्या सरकत नाहींत. खर्जाची पितळी तार मुळांतच सैल असते; तिच्यावरील ओढ पोलादी तारेच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. थंडीनें पडणारी भर त्या थोड्या ओढीच्या मानानें मोठी ठरते, म्हणून खर्ज जोडाच्या दुपटीहून अधिक चढतो. आदल्या दुपारीं उत्तम लावलेला तंबोरा पहांटे बेसूर होतो तो असा. सगळा मिळून चढला असता तर गायकानें आपला षड्ज चढविला असता, परंतु तारांचें आपसांतलेंच बिनसलेलें असतें. सकाळच्या रियाजाला बसणाऱ्यानें वाद्य अर्धा तास अगोदर गवसणींतून काढून खोलीच्या हवेंत ठेवावें आणि मगच लावावें, हा जुन्या गवयांचा शिरस्ता शास्त्राला धरून आहे.

तंबोऱ्याचें खरें रहस्य मात्र त्याच्या घोडीवर आहे. इंग्लंडांतील थॉमस यंग या शास्त्रज्ञाच्या नियमाप्रमाणें ज्या बिंदूवर तार छेडावी, त्या बिंदूवर ज्या आकृतींचा निस्पंद येतो त्या आकृति तारेंत उत्पन्नच होत नाहींत. तंबोरा तर तारेच्या जवळजवळ मध्यावरच छेडतात. या नियमानें दोन, चार, सहा फुगवट्यांचे उपस्वर त्यांतून नाहींसे व्हावयास हवेत. प्रत्यक्षांत ते भरभरून ऐकूं येतात. ही विसंगति चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या नजरेस आली, आणि १९२१ सालीं भारतीय तंतुवाद्यांवरील आपल्या निबंधांत त्यांनीं तिचें कारण घोडीच्या आकारांत दाखविलें. पाश्चात्य वाद्यांत तार धारदार कडेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद व किंचित् वक्र असते. तार कंप पावतांना त्या वक्र पृष्ठाला क्षणोक्षणीं कमीअधिक स्पर्श करते, आणि त्या घासटण्यानें मूलस्वराची शक्ति उपस्वरांना सारखी वांटली जाते. घोडीवर तारेखालीं सरकविलेला सुताचा धागा ही वांटणी नेमकी करतो. जव्हारी ती हीच. ताण बदलला कीं हा स्पर्शहि बदलतो; म्हणून पट्टी बदलल्यावर सूत पुन्हां जागेवर आणावें लागतें.

जव्हारी जमली आणि तारा तंतोतंत मिळाल्या, म्हणजे कोणी न लावलेला एक स्वर ऐकूं येऊं लागतो. खर्ज ७० आंदोलनांचा असेल तर त्याचा पांच फुगवट्यांचा उपस्वर ३५० चा. हाच गवयांचा स्वयंभू गंधार. पेटीवरचा गंधार सप्तकाचे बारा समान भाग करून ठरविलेला असल्यामुळें त्याच ठिकाणीं सुमारें ३५३ चा भरतो. दोन्ही एकत्र वाजले तर सेकंदाला जवळजवळ तीन वेळां आवाज डोलतो. कानाला टोंचतें तें हेंच. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीला कार्यक्रमांतून बंदी केली व ती १९७१ पर्यंत कायम होती. त्या वादांत इतरहि कारणें होतीं, परंतु गंधाराचा हा तीन आंदोलनांचा फरक त्यांतील एक खरें कारण होतें. पेटीच्या बाजूनें बोलणाऱ्यांनाहि तो मोजून नाकारतां येत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे येतां येईल. विजेची स्वरपेटी थंडीनें चढत नाहीं, प्रवासांत मोडत नाहीं, आणि षड्ज अचूक देते. एकट्यानें रियाज करणाऱ्याला तिचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु ती लावावी लागत नाहीं, आणि नेमकी तीच तिची उणीव आहे. जोडाच्या दोन तारा मिळवितांना एक १४० वर व दुसरी १४१ वर असली, तर सेकंदाला एकदां आवाज फुगतो व ओसरतो. मणी सरकवावा तसतसा हा डोल मंद होत जातो, दोन सेकंदांनीं येतो, पांच सेकंदांनीं येतो, आणि अखेर थांबतो. त्या थांबण्याकडे लक्ष देण्याची संवय ज्या मुलाला लागली, त्याला स्वर म्हणजे काय हें व्याख्येवांचून कळतें. तयार स्वर कानावर पडल्यानें ही संवय लागत नाहीं. तो स्वर स्वतः शोधावा लागतो.

म्हणून ज्या घरीं तंबोरा आहे, त्या घरीं तो निदान आठवड्यांतून एकदां गवसणींतून निघावा. त्याला झेपेल त्याच पट्टींत तो लावावा. फार दिवस वापरावयाचा नसेल तेव्हां तारा थोड्या उतरून ठेवाव्या. आधीं जोड, मग पंचम, शेवटीं खर्ज अशा क्रमानें तारा मिळवाव्या, आणि लावण्याचें काम वडील माणसानें उरकून न टाकतां मुलांच्या हातीं द्यावें. पहिल्या दिवशीं अर्धा तास लागेल, एखादी तार तुटेलहि. तुटलेली तार बदलण्यास थोडासाच खर्च येतो. न घडलेला कान मात्र पुढें विकत मिळत नाहीं.